महासाथीच्या काळात प्राणिसंग्रहालय पाहताना

महासाथीच्या काळात प्राणिसंग्रहालयात जायचे ठरवल्यास जपायचे ते केवळ स्वतःला नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे. एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील एका वाघिणीला आणि मे २०२१ मध्ये हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातील आठ सिंहांना कोरोनाची लागण झाल्याचे आढळले होते. मार्जारकुळातील प्राण्यांना आणि गोरिलांना हा संसर्ग माणसाकडून होऊ शकतो. त्यामुळे ताप, खोकला किंवा घसादुखी असेल, तर तिकिटाचे पैसे वाया गेले तरी घरीच थांबावे.

तिकीट ऑनलाइन आणि शक्यतो सकाळच्या पहिल्या वेळेचे काढावे. तेव्हा गर्दी विरळ असते, शिवाय दुपारी सुस्तावणारे वाघ-बिबटेही हिंडताना दिसतात. सर्पालयासारख्या बंदिस्त दालनाच्या दारातूनच आत दाटी दिसली, तर पुढे जाऊन नंतर परत यावे.

खरी कसोटी काचेपाशी लागते. मुले नाक आणि दोन्ही तळवे काचेला टेकवून वाघ पाहतात, मास्क हनुवटीवर घसरतो आणि त्याच ओलसर ठशांवर पुढच्या मुलाचे हात पडतात. म्हणून मुलाला हातभर मागे उभे करावे आणि तेथून हलताच त्याचे हात सॅनिटायझरने पुसावेत. कठड्यावरून वाकताना मास्क पिंजऱ्यात पडल्यास तो काढण्याचा खटाटोप न करता लगेच रखवालदाराला कळवावे, कारण माकडाने किंवा अस्वलाने तो गिळल्यास आतड्यात अडकू शकतो.