मेंदूत मोठा रक्तस्राव झालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा पाठपुरावा कसा करावा

32 आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूतील पोकळ्यांलगत अतिशय नाजूक रक्तवाहिन्या असतात आणि रक्तदाब वा श्वसन डळमळले की त्या फुटू शकतात. बहुतेक रक्तस्राव पहिल्या 72 तासांतच होतात. बाहेरून अनेकदा काहीच दिसत नसल्यामुळे टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीवरच निदान अवलंबून असते.

अहवालात ‘ग्रेड 3’ म्हटले असेल, तर रक्ताने पोकळी फुगली आहे. ‘ग्रेड 4’ म्हणजे शेजारच्या मेंदूलाही इजा झाली आहे. मात्र तेवढ्यावर थांबू नये. रक्तस्राव एका बाजूला आहे की दोन्ही, इजा किती पसरली आहे आणि पुढची सोनोग्राफी कधी, हे डॉक्टरांना विचारून लिहून ठेवावे. बाळ जगेल का, याचे उत्तर ग्रेडइतकेच जन्माच्या आठवड्यांवर, वजनावर, फुप्फुसांवर आणि जंतुसंसर्गावर अवलंबून असते. ग्रेड 4 मध्ये मृत्यूचा आणि सेरेब्रल पाल्सीचा (मेंदूच्या इजेमुळे हालचाल व स्नायूंवरचा ताबा बिघडण्याचा) धोका नक्कीच जास्त असतो, पण वाचलेल्या प्रत्येक बाळाला ती होतेच असे नाही.

पुढचे काही आठवडे मुख्य धोका मेंदूत पाणी साचण्याचा असतो. भुवयांच्या वरून मागच्या सर्वांत फुगीर भागापर्यंत न ताणणारी टेप फिरवून डोक्याचा घेर तीनदा मोजावा आणि सर्वांत मोठा आकडा नोंदवावा. आठवड्याला साधारण 1 सेंमी वाढ अपेक्षित असते. ती 2 सेंमीच्या आसपास गेली, शांत बाळाची टाळू फुगलेली वाटली, उलट्या वा सुस्ती दिसली किंवा बुबुळे खाली झुकलेली राहिली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. घेर वाढण्यापूर्वीच पोकळ्या फुगू शकतात, त्यामुळे मोजमाप हे सोनोग्राफीला पर्याय नव्हे. शंट, म्हणजे मेंदूतील जादा पाणी बाहेर वळवणारी बारीक नळी, बसवल्यानंतर ताप, उलट्या किंवा अवेळी झोपाळूपणा आला, तर नळी तुंबली किंवा तिला जंतुसंसर्ग झाला असावा असे समजूनच धावावे. टाळू भरण्याच्या निमित्ताने शंटच्या जागी चोळू नये.

घरी आल्यावर बाळाचे वय जन्मतारखेवरून नव्हे, तर अपेक्षित प्रसूतीच्या तारखेवरून मोजावे. 28व्या आठवड्यात जन्मलेले सहा महिन्यांचे बाळ विकासाच्या दृष्टीने साधारण तीन महिन्यांचे असते, हे भेटीला येणाऱ्या नातेवाइकांनाही एकदाच सांगून टाकावे. वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरू लागले, की घरात ‘डावखुरा होणार’ म्हणून कौतुक होते. प्रत्यक्षात दुसऱ्या हाताचा अशक्तपणा सांगणारी ती पहिली खूण असू शकते. अशा वेळी पहिल्या वाढदिवसाची वाट न पाहता फिजिओथेरपी सुरू करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाअंतर्गत अनेक जिल्ह्यांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रे (बाळाच्या विकासातील अडचणींवर लवकर तपासणी व उपचार करणारी केंद्रे) आहेत. तेथे जाताना सर्व सोनोग्राफी अहवाल, घेराची वही आणि डोळ्यांच्या पडद्याच्या व कानांच्या तपासणीचे कागद एकाच फाईलमध्ये सोबत न्यावेत.