कोल्हापुरात ब्रूपब उभारताना यंत्रसामग्रीच्या या चुका टाळा

छोटा ब्रूपब (जागेवरच बिअर बनवून विकणारा पब) काढणारे बहुतेक जण खरेदीची सुरुवात ब्रूहाउसपासून, म्हणजे धान्य भिजवून त्याचा अर्क उकळणाऱ्या संचापासून करतात, कारण काचेआड झळकणारी केटल (उकळण्याची टाकी) गिऱ्हाइकाला दिसते आणि मालकालाही तिचेच अप्रूप असते. बिअर मात्र या उष्ण बाजूला जेमतेम एक दिवस असते. पुढचे दोन ते सहा आठवडे ती फर्मेंटर (आंबवण्याची टाकी) आणि ब्राइट टँकमध्ये (तयार बिअर ठेवण्याची टाकी) काढते आणि बिघडायची झाली तर बहुधा तिथेच बिघडते. म्हणून यंत्रांची यादी उलट्या टोकाने, म्हणजे ग्लास भरणाऱ्या नळापासून मागे केटलकडे येत करावी.

आकार ठरवताना होणारी गल्लत

‘पुढे धंदा वाढेल’ या हिशेबाने १००० लिटरचा संच घेतला जातो. चार प्रकारच्या बिअर ठेवल्या आणि त्यांतली एखादी दिवसाला १५ लिटर खपली, तर तिची एक बॅच संपायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागतो. गव्हाच्या बिअरचा ताजेपणा तोवर टिकत नाही. कोल्हापूरसारख्या शहरात ५०० लिटरचे ब्रूहाउस आणि जास्त टाक्या ही जोडी मला अधिक शहाणपणाची वाटते. एल प्रकारची, लवकर आंबणारी बिअर टाकी दोन ते तीन आठवडे अडवते, तर थंडाव्यात सावकाश तयार होणारी लागर चार ते सहा आठवडे, त्यामुळे लागर ठेवायची असेल तर तिच्यासाठी वेगळी टाकी धरूनच हिशेब करावा. शिवाय ५०० लिटर बिअरसाठी ५०० लिटरचीच टाकी घेऊन चालत नाही. फेसासाठी वर २० ते २५ टक्के जागा मोकळी लागते, आणि गव्हाच्या बिअरचे यीस्ट तर विशेष उसळते.

थंडाव्याचा चुकलेला हिशेब

सर्वांत महागात पडणारी चूक ही आहे. उकळलेले वर्ट (ज्याची बिअर होते तो धान्याचा गोड अर्क) प्लेट हीट एक्स्चेंजरमधून, म्हणजे पत्र्याच्या एका बाजूने वर्ट आणि दुसऱ्या बाजूने पाणी फिरवणाऱ्या यंत्रातून, थंड करून यीस्टसाठी २० अंशांच्या आसपास आणावे लागते. ज्या देशांत नळाचे पाणीच १० ते १२ अंशांचे असते, तिथला एकटप्पी एक्स्चेंजर आपल्याकडे एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीतल्या ३० अंशांच्या पाण्यावर चालवला, तर वर्ट ३५ अंशांच्या खाली उतरत नाही. मग पुरवठादार दुसरा टप्पा ग्लायकॉलवर (चिलर या शीतयंत्राने थंड केलेले, टाक्यांभोवती फिरणारे द्रव) जोडून देतो आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. पण ५०० लिटर वर्ट पाऊण तासात ३५ वरून २० अंशांवर आणायला जवळजवळ १२ किलोवॅट, म्हणजे तीन टनांहून अधिक शीतशक्ती लागते. तेवढा भार एकदम आला की फर्मेंटरना मिळणारे ग्लायकॉल तापते आणि आंबत असलेल्या इतर टाक्यांचे तापमान वर सरकते. याउलट एक्स्चेंजरमध्ये वापरायचे ६०० लिटर पाणी आदल्या रात्रभरात, दहा तासांत, ५ अंशांपर्यंत थंड करून ठेवायला दोन किलोवॅटही पुरतात.

म्हणून मोठ्या चिलरपेक्षा थंड पाण्याची टाकी आधी घ्यावी. आपल्या जिल्ह्यात त्यासाठी एक सोयीची वाट आहे. गावोगावच्या दूध संस्थांत वापरले जाणारे बल्क मिल्क कूलर दूध ४ अंशांपर्यंत थंड करण्यासाठीच बनवलेले असतात, आणि सुस्थितीतला जुना कूलर या कामाला उत्तम चालतो. एक्स्चेंजरमधून बाहेर पडणारे गरम पाणी वाया न घालवता पुढच्या मॅशसाठी (भरडलेले धान्य गरम पाण्यात भिजवण्यासाठी) साठवावे. चिलरच्या पत्रकावरची क्षमता कोणत्या बाह्य तापमानाला दिली आहे तेही विचारावे. पत्र्याखाली किंवा स्लॅबवर उन्हात ठेवलेला चिलर ऐन उन्हाळ्यात ती क्षमता देत नाही. ग्लायकॉल खाद्य दर्जाचे प्रोपिलीन ग्लायकॉलच असावे, कारण स्वस्त म्हणून गळ्यात मारले जाणारे इथिलीन ग्लायकॉल विषारी असते. वीज गेल्यावर ब्रूहाउस थांबले तरी चालते, चिलर आणि पंप मात्र जनरेटरवर हवेतच.

दुधाची टाकी म्हणजे फर्मेंटर नव्हे

उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारागिरीवर विश्वास ठेवायला हरकत नाही. साखर कारखाने आणि दूधधंद्यामुळे स्टेनलेस स्टीलचे काम इथे मुरलेले आहे, आणि बाहेरून संच मागवण्यापेक्षा इथे टाक्या बनवून घेतल्यास दुरुस्तीचा माणूस हाकेच्या अंतरावर राहतो. चूक होते ती ‘दुधाची करतो तशीच करून द्या’ असे सांगण्यात. साधी दुधाची टाकी दाबासाठी बनवलेली नसते. बिअरच्या टाकीत मात्र कार्बोनेशनसाठी एक ते दीड बारचा दाब राहतो. त्यामुळे लेखी ऑर्डरमध्ये कामकाजाचा दाब, त्याहून अधिक दाबाची पाण्याची चाचणी, दाब सोडणारा आणि निर्वात रोखणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह स्पष्टपणे नोंदवावेत. दुसरा व्हॉल्व्ह अनेकदा गाळला जातो. गरम पाण्याने धुतलेल्या बंद टाकीत लगेच थंड पाणी सोडले, किंवा कार्बन डायऑक्साइड शिल्लक असताना कॉस्टिक सोड्याचे द्रावण फिरवले, तर आत निर्वात तयार होतो आणि जाड दिसणारी टाकीही काही क्षणांत आत चेपते.

जोडांच्या बाबतीतही आग्रह धरावा. टिग वेल्डिंग करताना आतल्या बाजूने आर्गॉन सोडलेला असावा, जोड आतून घासून गुळगुळीत केलेला असावा आणि शेवटी आम्लाने पॅसिव्हेशन (स्टीलवर गंजरोधक थर तयार करणे) व्हावे. नाहीतर खडबडीत जोडांत जंतू घर करतात आणि बिअर आंबट का होते याचा शोध माल्टपासून पाण्यापर्यंत सगळीकडे घेतला जातो. दूधधंद्यातले आटे असलेले युनियन आणि ब्रूअरीतले ट्राय-क्लॅम्प एकमेकांना जुळत नाहीत, तेव्हा सगळीकडे एकच पद्धत ठरवून घ्यावी.

गहू आणि गाळणी

नव्या गिऱ्हाइकाला गव्हाची बिअर सहसा आधी आवडते, आणि तिच्यात निम्मा किंवा अधिक गहू असतो. गव्हाला टरफल नसते, म्हणून अरुंद आणि खोल लॉटर टनमध्ये (मॅश गाळण्याच्या भांड्यात) चोथ्याचा थर घट्ट बसून गाळण अडते. हे भांडे रुंद व उथळ घ्यावे. भाताचे स्वच्छ धुतलेले तूस मिसळले तर काम आणखी सुकर होते, आणि आपल्या भागात त्याचा तुटवडा नाही. (चोथ्याची चिंताही करू नये, म्हशींचे मालक तो घेऊन जातात, फक्त तो त्याच दिवशी उचलला जाईल असे पाहावे, कारण उन्हाळ्यात तो लगेच आंबतो.)

वीज की वाफ, हा प्रश्न लहान संचात सोपा आहे. ५०० लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ४४ युनिट लागतात. १८ किलोवॅटच्या हीटरवर त्याला अडीच तास लागतील, ३६ वर सव्वा तास. तेवढा मंजूर भार महावितरणकडून मिळतो की नाही हे आधी पाहावे. वाफेचा बॉयलर घेतला तर बाष्पके संचालनालयाचे नियम पाळावे लागतात.

जागेची मापेही ऑर्डरच्या आधी घ्यावीत. भरलेली ५०० लिटरची टाकी पाऊण टनापर्यंत जाते, म्हणून पोटमाळ्यावर ती ठेवण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याला विचारावे. ५०० लिटर आंबताना सुमारे १० घनमीटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि तो जड असल्याने खाली साचतो. तळघरात फर्मेंटर ठेवायचे असतील तर जमिनीलगत हवा ओढणारा पंखा आणि वायूचा गजर अपरिहार्य आहेत. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर परिसरात पाणी शिरले होते. त्या पट्ट्यात जागा असेल तर तळघराचा विचारच सोडावा आणि चिलर व विजेचे पॅनेल पूररेषेच्या वर बसवावेत.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी संपूर्ण संच पाण्यावर चालवून पाहावा. पाणी तापवावे, एक्स्चेंजरमधून थंड करून टाकीत घ्यावे, टाकीवर दाब देऊन तो रात्रभर टिकतो का ते तपासावे आणि प्रत्येक टाकीचा मापतक्ता लिटरमध्ये बनवून घ्यावा. टाक्यांची संख्या व मांडणी राज्य उत्पादन शुल्क विभागाला दाखवलेल्या आराखड्याशी जुळते का, याची खातरजमा त्याच दिवशी करावी.