निवासी शाळा काढताय? आधी पाण्याचा हिशोब

खोल्या बांधण्याआधी पाणी बघा, तेही मे महिन्यात. पावसाळ्यानंतर विहीर भरलेली दिसते आणि तिथेच अंदाज चुकतो. वसतिगृहात माणशी रोज 135 लिटर धरतात, म्हणजे 100 मुलांना 13,500 लिटर. गावात वीज दोन-दोन दिवस जाते, म्हणून साठा दोन दिवसांचा हवा. शोषखड्डा विहिरीपासून निदान 15 मीटर लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला घ्या.

पाणी निर्जंतुक करायला 1,000 लिटरला 5 ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर लागते. ती थेट टाकीत टाकू नका. बादलीत कालवा, पावडरीतला चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओता. अर्ध्या तासानंतरच नळ सोडा. मग शेवटच्या नळाचं पाणी ओटी (ऑर्थोटोलिडीन) या क्लोरीन तपासायच्या द्रावणाने तपासा. पिवळं झालं तर क्लोरीन आहे. नाही झालं, तर बहुधा पावडर जुनी असते. उघड्या पिशवीतला क्लोरीन उडून जातो, म्हणून झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सावलीत ठेवा.

साताऱ्यात 1924 साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातींची मुलं एकाच बोर्डिंगात ठेवली. तुमच्याकडेही पाणवठा सगळ्यांना एकच असू द्या.