नवी गाडी ताब्यात घेताना: तारीख, हवा आणि डॅशबोर्डवरचा पाना

धाकट्या बहिणीची गाडी घरी येऊन तेवीस दिवस झाले होते. तुळजापूरहून सोलापूरला परत येताना तामलवाडीचा टोलनाका ओलांडला आणि तिचा फोन आला, "दादा, समोर पिवळा पाना लागलाय, सर्व्हिस करा म्हणतोय. गाडी बाजूला घेऊ का?" गाडी तोवर ६४० किलोमीटर चालली होती. मागं सासूबाई आणि दोन मुलं, बाहेर मे महिन्याचं ऊन. लाल दिवा एकही नाही, इंजिनचं तापमान जागेवर, आवाज नाही, हे विचारून घेतलं आणि तिला सावकाश घरी यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलानं बॉनेट न उघडताच ऑइल आणि फिल्टर बदलायचा अंदाज छापून हातात दिला. आम्ही सर्व्हिसचं पुस्तक उघडून त्याच्यासमोर ठेवलं. त्यात ऑइल बदल १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल तेव्हा, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मग आतून फोरमन आले, मशीन लावलं आणि दोन मिनिटांत पाना गेला. कारण त्यांनीच सांगितलं. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हापासून आतला कॉम्प्युटर दिवस मोजत होता. वर्ष भरायला महिना उरला की आठवण द्यायची, अशी त्याची रचना. गाडी गिऱ्हाइकाला देण्याआधी ही मोजणी शून्यावर आणायची असते, ती कुणी आणलीच नव्हती. म्हणजे अक्षय तृतीयेला हार घालून आणलेली गाडी दहा महिने कुठल्यातरी यार्डात उभी होती, हे आम्हाला त्या पान्यामुळं कळलं. बहिणीनं पूर्ण किंमत मोजली होती. त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण डिलिव्हरीच्या दिवशी मी सोबत होतो आणि फोटो काढण्यात गुंतलो होतो.

तेव्हापासून नात्यातल्या, ओळखीतल्या कुणाची गाडी यायची असली की मी दोन दिवस आधी जातो. काय काय बघतो ते इथं लिहितोय.

पहिली गोष्ट, पासिंगच्या आधी गाडी बघायला मिळाली पाहिजे. पूर्ण पैसे भरले, विमा निघाला, एमएच १३ चा नंबर पडला की ती गाडी तुमची झाली. त्यानंतर दारावर ओरखडा सापडला तर "पॉलिश करून देतो" यापलीकडं काही मिळत नाही. म्हणून बुकिंग करतानाच सेल्समनला सांगून ठेवा, की चासी नंबर ठरला की आम्हाला कळवा, गाडी बघूनच उरलेले पैसे भरू. हे मेसेजवर लिहून घ्या. पाडवा, अक्षय तृतीया, दसरा, धनत्रयोदशी या दिवसांत तर हे फारच गरजेचं. एका दिवसात इतक्या गाड्या बाहेर काढायच्या असतात, की पीडीआय, म्हणजे डिलिव्हरीपूर्वीची तपासणी, करणाऱ्या पोरांना जेवायलाही सवड नसते. मुहूर्त मोडू नका, पण तपासणी दोन दिवस आधी उरका आणि मुहूर्ताला फक्त पूजा करून चावी घ्या.

बघायला सकाळी जा. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये दुपारी चाळीसच्या वर पारा असतो. पत्रा हाताला चटका देतो, माणूस पाच मिनिटांत सावलीला पळतो आणि टायरमधली हवाही तापून फुगलेली असते. शोरूमच्या दिव्याखाली मात्र गाडी बघू नका, त्या उजेडात सगळंच चकाकतं. बरोबर हवा मोजायचं छोटं मीटर, एक सुती फडका, वही-पेन आणि चार्ज केलेला फोन घ्या.

सुरुवात तारखेपासून करा. चासी नंबर १७ अक्षरांचा असतो. गाडीवर कोरलेला, बिलावरचा आणि फॉर्म २१, म्हणजे विक्रीचा दाखला, यावरचा नंबर एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा. त्या फॉर्म २१ वर गाडी कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी तयार झाली तेही लिहिलेलं असतं. पुढं आरसीवरही तेच येतं आणि गाडी विकताना गिऱ्हाईक तेच बघतं. मग टायरकडं या. बाजूच्या रबरावर लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर आणि स्टेपनी यांच्या तारखा गाडीच्या तारखेच्या आसपासच्या असायला हव्यात. एखादाच टायर वेगळ्या काळातला निघाला तर तो का बदलला, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. दोन-तीन महिन्यांची गाडी घ्यायला हरकत नाही, वाहतुकीला आणि यार्डाला तेवढा वेळ लागतोच. सहा महिन्यांच्या वर गेली तर मी दुसरी गाडी मागतो किंवा सूट मागतो. मागच्या कॅलेंडर वर्षातली असेल तर सूट मागायला अजिबात संकोच करू नका.

आता हवा. कारखान्यातून गाड्या ट्रेलरवर येतात, नंतर यार्डात एकाच जागी उभ्या राहतात. टायर एका बाजूनं चपटे होऊ नयेत म्हणून हवा मुद्दाम जास्त भरलेली असते. पीडीआयमध्ये ती उतरवून नेमकी करायची असते आणि हेच सगळ्यात जास्त वेळा राहतं. बहिणीच्या गाडीत पुढच्या डाव्या टायरला मी मीटर लावलं तर ४६ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) आलं, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३३ होतं. तेवीस दिवस ती म्हणत होती, की खड्ड्यात गाडी उडते, नव्या गाडीचं सस्पेन्शन कडकच असतं का? सस्पेन्शनमध्ये काहीच खोट नव्हती. हवा गार टायरवरच मोजा, पाच-सहा अंश तापमान वाढलं की साधारण एक पीएसआय वर जातं.

हवेशी जोडलेला एक खोटा इशारा आहे, तो नीट समजून घ्या. काही गाड्यांत टायरच्या आत हवेचा सेन्सर नसतो. चाकं किती वेगानं फिरतात यावरून कॉम्प्युटर हवेचा अंदाज बांधतो. ४६ वर असताना त्याला "ही बरोबर हवा" असं शिकवलं गेलं आणि नंतर कुणी हवा ३३ वर आणली, तर त्याला वाटतं हवा गेली. पिवळा दिवा लागतो, तुम्ही हवा भरता, दिवा जातो आणि टायर पुन्हा कडक. म्हणून हवा स्टिकरप्रमाणे केल्यावर मेनूमधून ती नोंद नव्यानं करून घ्या. तुमच्यासमोर करायला सांगा, एक मिनिटाचं काम आहे.

गाडीत बसलात की आधी घड्याळ आणि तारीख बघा. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वाहतुकीत बॅटरी उतरू नये म्हणून तिची वायर काढून ठेवतात, किंवा एखादा फ्यूज काढतात, किंवा गाडी वाहतुकीच्या मोडमध्ये ठेवतात. परत जोडल्यावर बऱ्याच गाड्यांचं घड्याळ मूळ तारखेवर जातं. पुतण्याच्या गाडीवेळी पीडीआयचा कागद मी मागून घेतला. साठेक ओळी होत्या आणि वरपासून खालपर्यंत एकाच दमात ओढलेल्या बरोबरच्या खुणा, निळ्या पेनच्या, सगळ्या एकाच तिरक्या ढंगाच्या. त्यात "घड्याळ व तारीख" या ओळीपुढंही खूण होती. समोरच्या पडद्यावर १ जानेवारी, बारा वाजून चार मिनिटं. बाहेर ऑक्टोबर महिना आणि सकाळचे दहा. "स्टेपनीतील हवा" या ओळीपुढंही खूण होती. डिकीतलं कार्पेट उचललं तर स्टेपनीवरचं कारखान्याचं प्लास्टिक अजून तसंच गुंडाळलेलं. मी कुणाशी भांडलो नाही. तो कागद घेऊन वर्क्स मॅनेजरांकडं गेलो आणि म्हणालो, "साहेब, परत पहिल्यापासून करा, मी बसतो." त्यांनी केलं. दोन तास लागले.

तारीख बरोबर लागली की सर्व्हिसच्या मेनूत जा. पुढची सर्व्हिस किती किलोमीटरवर, किती दिवसांवर, हे बहुतेक नव्या गाड्या दाखवतात. तो आकडा पुस्तकाशी जुळवा. पुस्तकात १ वर्ष आणि पडद्यावर ७० दिवस असतील, तर मोजणी कारखान्यापासून चालली आहे. तिथंच शून्यावर आणून घ्या आणि पडद्याचा फोटो काढा. वॉरंटी पुस्तकात डिलिव्हरीची तारीख, किलोमीटर आणि शिक्का बघा. कंपनीच्या सिस्टीममध्येही तीच विक्रीची तारीख चढली आहे ना, हे तोंडी विचारून भागत नाही, पडदा दाखवा म्हणा. वॉरंटी तिथून मोजतात आणि पुढं सर्व्हिसचे फोनही त्याच तारखेवरून येतात.

बाकीचं लवकर आटपतं. किलोमीटर पन्नासच्या आत असावेत. बॅटरीचा दाब व्होल्टमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवा, १२.२ असेल तर ती निम्मी उतरलेली आहे, उन्हात महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीत हे हमखास दिसतं. बॉनेटखाली ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल खुणांच्या मध्ये असावं. वायरी उंदरानं कुरतडल्यात का, तेही तिथंच बघा, यार्डातल्या गाडीत ही भीती खरी आहे. दारांच्या आणि बॉनेटच्या बिजागऱ्यांच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर तो भाग कधीतरी उघडला गेलाय. सगळ्या काचा खालीवर करा, एसी दहा मिनिटं चालवा, पाऊस नसला तरी वायपर पाणी मारून फिरवा. दोन्ही चाव्या, जॅक, पाना, टो हूक मोजून घ्या. ब्रेकच्या चकतीवर हलका गंज दिसला तर घाबरू नका, चार वेळा ब्रेक दाबले की जातो.

ॲक्सेसरीच्या आग्रहाला मी एकच उत्तर देतो, वायर कापून काही बसवायचं नाही. बाहेरचे दिवे, हॉर्न, कॅमेरे यांच्यासाठी मूळ वायरिंग तोडलं की पुढं खोट्या इशाऱ्यांचे दिवे लागू शकतात आणि वॉरंटीचा वादही होतो. गंज लागू नये म्हणून खालून कोटिंग करा, अशी गळ घालतील. आपल्या कोरड्या हवेत त्याची घाई नाही, समुद्राकाठी राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. सीट कव्हर लगेच नको असेल तर सोलापुरी चादर टाका, उन्हाळ्यात अंगाला बरी लागते. मात्र सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर ती कड झाकू नका.

पहिला महिना. रूपाभवानी, अक्कलकोट, तुळजापूर, जिथं नवस असेल तिथं जाऊन या, या फेऱ्यांत गाडीचे गुणदोष कळतात. बऱ्याच कंपन्यांची पहिली मोफत सर्व्हिस १००० किलोमीटर किंवा १ महिन्याला असते. ती फुकट म्हणजे मजुरी फुकट, ऑइल-फिल्टरचे पैसे वेगळे. आणि त्या पहिल्या खेपेला बऱ्याचदा नुसती तपासणीच असते. ऑइल बदलायला सांगितलं तर "पुस्तकात कुठं लिहिलंय ते दाखवा" एवढं शांतपणे म्हणा. "तुमची सर्व्हिस ड्यू आहे" असे फोन लवकर येतील, गाडी दोन हजारच चाललेली असली तरी येतील. किलोमीटर आणि तारीख पुस्तकाशी ताडून मगच वेळ घ्या. व्हॉट्सॲपवर सर्व्हिसची किंवा चलनाची म्हणून एखादी फाइल फोनमध्ये बसवायला सांगितली, तर ती उघडूच नका, त्यातून लोकांची बँक खाती रिकामी झाली आहेत.

आणि तरीही कधी दिवा लागलाच, तर आधी रंग बघा. लाल ऑइलची किटली किंवा लाल थर्मामीटर असेल तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, एक किलोमीटरही पुढं नेऊ नका. इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा असेल तर सावकाश चालवत त्याच दिवशी दाखवा. नुसता पाना असेल तर बहुतेक गाड्यांत तो सर्व्हिसची आठवण देतोय. फोटो काढा, त्यात किलोमीटर आणि तारीख यायला हवी, मग पुस्तक बघा. स्वतः बटण दाबून तो घालवू नका, नाहीतर चूक कुणाची होती याचा पुरावाच जातो. सर्व्हिस सेंटरला जाल तेव्हा जॉब कार्डवर, म्हणजे कामाची नोंद करतात त्या कागदावर, "मुदतीआधी सर्व्हिसचा इशारा, डिलिव्हरीवेळी मोजणी शून्यावर आणलेली नव्हती" असं लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या खेपेला कुणाला आठवत नाही. दाद लागली नाही तर कंपनीच्या कस्टमर केअरला जॉब कार्डासकट ईमेल करा, त्यानंतर ग्राहकांसाठीचा १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर आहे.

बहिणीनं आम्ही काढलेले सगळे फोटो आणि जॉब कार्ड लावून तसाच ईमेल केला होता. दहा महिने उभ्या राहिलेल्या बॅटरीची तपासणी झाली, ती कमजोर निघाली आणि वॉरंटीत बदलून मिळाली. किमतीतला फरक मिळाला नाही. तिच्या गाडीच्या खणात आता हवा मोजायचं मीटर असतं आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर तिनं पेन्सिलीनं दोन तारखा लिहून ठेवल्यात, गाडी तयार झाली ती आणि गाडी घरी आली ती.