स्टेअरिंग रॅक घरी बदलताय? मग या चुका टाळा

पॉवर स्टेअरिंगचा रॅक, म्हणजे स्टेअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत पोचवणारा आडवा भाग, काढून नवा बसवायला सुट्टीचा एक दिवस पुरतो. काम बिघडतं ते बहुतेक वेळा रॅकच्या वरच्या कॉलममध्ये (स्टेअरिंग व्हीलपासून रॅकपर्यंत येणारा दांडा), नाहीतर त्याला जोडलेल्या ऑइलच्या पाइपांमध्ये, कारण तिकडे कुणी लक्षच देत नाही. तेच तेच घोळ निस्तरून कंटाळलो, म्हणून लिहितोय. हे सगळं हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या स्टेअरिंगबद्दल आहे.

सुरुवातीलाच होणारी चूक म्हणजे खाली ऑइल दिसलं की रॅक गेला असं ठरवून टाकणं. प्रेशर पाइपच्या जोडातून गळलेलं ऑइलही रॅकवरून ओघळत त्याच्या टोकाशी येऊन टपकतं. सगळं पुसून कोरडं करा, इंजिन चालू ठेवून कुणाला तरी स्टेअरिंग फिरवायला सांगा आणि नेमकं कुठून पाझरतंय ते बघा. मग रॅकच्या टोकाच्या बुटाची, म्हणजे रबरी आवरणाची, क्लिप सैल करून तो मागे सरकवा. आत ऑइल साचलं असेल तर रॅकचं सील गेलंय. बूट कोरडा असेल तर आधी पाइपांचे जोड तपासा.

आता जिच्यामुळे माझा सगळ्यात जास्त जीव जळतो ती चूक. रॅकपासून कॉलमचा जॉइंट सुटल्यावर स्टेअरिंग व्हील मोकळं सोडणं.

एअरबॅग असलेल्या गाडीत व्हीलच्या मागे क्लॉक स्प्रिंग असते. एका चपट्या डबीत गुंडाळलेली तारांची पातळ पट्टी. हॉर्न आणि एअरबॅगचा करंट तिच्यातून जातो. मधल्या स्थितीपासून दोन्ही बाजूंना ती ठरावीक वेढेच फिरू शकते. एरवी रॅक स्वतःच दोन्ही टोकांना अडतो, म्हणून ती सुरक्षित राहते. जॉइंट सुटला की अडवणारं कुणी उरत नाही.

माझ्या पुतण्याने त्याच्या गाडीचा रॅक स्वतः बदलला. हात चांगला आहे त्याचा, नट-बोल्ट सगळे नीट बसवले होते. पण काम चालू असताना तो दोन-चारदा गाडीत चढला-उतरला आणि दरवेळी आधाराला व्हीलच धरलं. शेवटी व्हील डोळ्यांनी सरळ केलं आणि जॉइंट बसवला. सरळ दिसलं, पण ते एक पूर्ण वेढा पुढे गेलेलं होतं. शून्य वेढ्यावरचं व्हील आणि एका वेढ्यानंतरचं व्हील दिसायला एकसारखंच असतं. रस्त्यावर पहिल्यांदा पूर्ण वळवलं तेव्हा आतून ‘खट्’ झालं आणि एअरबॅगचा दिवा लागला. रात्री त्याचा फोन आला, "काका, हॉर्न वाजत नाहीये." दोन दिवस तो फ्यूज तपासत बसला होता. व्हील उघडलं तर आतली पट्टी तुटून लोंबत होती. अपघात झाला असता तर त्याची एअरबॅग उघडलीच नसती, आणि ही गोष्ट माझ्या मनातून आजही जात नाही.

म्हणून माझी सवय सांगतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढतो. चाकं आणि व्हील सरळ करतो, किल्ली काढतो आणि सीटबेल्ट व्हीलच्या आतून ओवून बकलमध्ये अडकवून ताणून ठेवतो. निव्वळ किल्लीच्या लॉकवर भरवसा ठेवत नाही, कारण ते प्रत्येक गाडीत सरळ स्थितीतच लागेल असं नसतं. हे झाल्याशिवाय जॉइंटच्या बोल्टला पाना लावायचा नाही.

जॉइंटवर रंगाची खूण करा, पण नव्या रॅकवर ती खूण नसणार हे विसरू नका. नवा रॅक हाताने, सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून वेढे मोजा. ३ भरले तर दीड वेढा परत या, तो मध्य. जॉइंट शाफ्टवर पूर्ण खाली गेला पाहिजे, म्हणजे बोल्ट शाफ्टच्या खाचेतून जातो. अर्धवट बसलेल्या जॉइंटचा बोल्टही घट्ट होतो, आणि असा जॉइंट चालत्या गाडीत निसटू शकतो. नंतर व्हील थोडं वाकडं दिसलं तर ते उपटून सरळ लावू नका, टाय रॉडवर (रॅकपासून चाकाला जाणारा दांडा) सरळ करा.

दुसरी मोठी चूक जुन्या ऑइलची. खराब होत आलेला रॅक झिजताना रबराचे आणि धातूचे बारीक कण ऑइलमध्ये सोडतो. ते पंपात, पाइपात आणि टाकीच्या जाळीत बसून राहतात. मी पहिला रॅक बदलला तेव्हा गळून गेलं तेवढंच ऑइल वरून भरलं. थोड्याच दिवसांत पंप घुंघुं करू लागला आणि नव्या रॅकचं सील पाझरू लागलं. दुकानदाराने टाकीतलं काळं ऑइल बघून वॉरंटी नाकारली, आणि त्याचं बरोबर होतं. आता मी टाकीत ऑइल परत आणणारा पाइप काढून बाटलीत सोडतो, टाकीवरचं त्या पाइपाचं तोंड बुजवतो, पुढची चाकं उचलून इंजिन बंद ठेवूनच स्टेअरिंग फिरवतो आणि स्वच्छ ऑइल बाहेर येईपर्यंत नवं ओतत राहतो. ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच वापरायचं. काही गाड्यांना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं, काहींना वेगळं सिंथेटिक. "सगळी सारखीच" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

ऑइलमधली हवा काढताना घाई नडते. पाइप जोडला की लगेच स्टार्टर मारायचा नाही, कोरडा पंप स्वतःलाच खातो. चाकं वर, इंजिन बंद, सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवा आणि टाकीत बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल भरत राहा. मगच इंजिन चालू करा. फेस आला तर बंद करून तासभर तसंच सोडा. स्टेअरिंग टोकाला दाबून ५ सेकंदांपेक्षा जास्त धरायचं नाही.

बाकी थोडक्यात. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. टाय रॉड एंड पुन्हा वापरायचा असेल तर हातोडा नको, पुलर (ओढून सोडवायचं अवजार) लावा. पाइपच्या नटाला साधा उघडा पाना लावला की कडा झिजून गोल होतात. नट आधी बोटांनी दोन-तीन आटे बसवा, मगच पाना. वॉशर आणि ओ-रिंग नव्याच.

टाय रॉड एंड काढताना वेढे मोजले तरी ते फक्त अलाइनमेंटच्या (चाकांची दिशा जुळवण्याच्या) दुकानापर्यंत हळू जाण्यापुरतं. अलाइनमेंट झाल्यावर खाली वाकून बूट बघा. टाय रॉड फिरवताना तो पिळला जातो आणि पिळलेला बूट लवकर फाटतो. क्लिप सैल करा, बूट सरळ करा, क्लिप पुन्हा आवळा.