खालचं बीपी कमी म्हणून खूश होऊ नका, रक्तवाहिन्या कडक झाल्यात का ते असं बघा

आमचे मामा फोंड्याला असतात, वय 72, बीपी 158/68, आणि सगळ्यांना सांगत फिरतात की वरचं जरा जास्त आहे पण खालचं बघा, पोरासारखं. गोम तिथेच आहे. 158 मधून 68 वजा करा, उरले 90. ह्याला पल्स प्रेशर म्हणतात, ते साधारण 40 च्या आसपास असतं, आणि उतारवयात 60 च्या वर गेलं की मोठ्या धमन्या कडक होतायत असं समजायचं.

असं का होतं ते कुळागरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, पाणी शिंपणाऱ्याला लगेच कळेल. नवा रबरी पाईप पंप चालू केला की जरा फुगतो, धक्का पोटात घेतो, आणि पंप बंद केल्यावरही थोडं पाणी ढकलत राहतो. उन्हात वाळून कडक झालेला पाईप मात्र फुगतच नाही, पाणी एकदम जोरात येतं आणि पंप थांबला की लगेच गळपटतं. महाधमनीचं तेच, ठोक्याला ताणली जात नाही म्हणून वरचं चढतं, आणि दोन ठोक्यांच्या मधे आकसून रक्त पुढे ढकलत नाही म्हणून खालचं पडतं. मामांचं 68 वयामुळेच आलेलं.

तर पहिलं काम घरी. दंडाला बांधायचं ऑटोमॅटिक मशीन घ्या, मनगटाचं नको. सकाळी पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न वाजायच्या आधीच मोजा, म्हणजे चहा-पाव पोटात जायच्या आधी आणि बीपीची गोळी घ्यायच्या आधी, लघवीला जाऊन या, मग पाठ टेकून 5 मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, पायावर पाय नको, हात टेबलावर छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर. शर्टाची बाही वर सरकवून घट्ट वळी करतात ना, ती पण नको, सरळ हात बाहेर काढा. एका मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग, संध्याकाळी परत दोन, असं 7 दिवस, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. मामा बसमधून उतरून चढण चढून आले की धापा टाकतच पट्टा बांधायचे, त्या वहीतले आकडे आम्ही सरळ खोडले.

एकदा दोन्ही हातांचं बघा. वरच्या आकड्यात 10 पेक्षा जास्त फरक नेहमीच येत असेल तर डॉक्टरला सांगा.

पुढचं दवाखान्यात. घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी, ही एबीआय टेस्ट. 0.9 च्या खाली आलं तर पायाच्या नळ्या अरुंद झाल्यात, 1.4 च्या वर गेलं तर त्या इतक्या कडक झाल्यात की पट्ट्याने दाबल्याच जात नाहीत. डायबेटीसवाल्यांत हे दुसरं बरंच दिसतं, तेव्हा आकडा मोठा म्हणून आनंद नको.

खरी टेस्ट म्हणजे पल्स वेव्ह व्हेलॉसिटी. ठोक्याची लाट मानेपासून जांघेपर्यंत किती वेगाने पोचते ते मोजायचं, नळी जितकी कडक तितकी लाट वेगात. मानेपासून जांघेपर्यंत टेपने 60 सेंमी भरले तर त्याचे 80 टक्के धरतात, म्हणजे 48. लाटेला 60 मिलिसेकंद लागले तर वेग सेकंदाला 8 मीटर, 40 लागले तर 12. 10 च्या वर गेलं की कडकपणा जास्त. पण काही ठिकाणी चारही हातापायांना पट्टे बांधून दंड ते घोटा मोजतात, तिथे आकडे मुळातच मोठे येतात आणि हद्द 18 धरतात, म्हणून रिपोर्ट हातात आला की आधी कुठून कुठपर्यंत मोजलंय ते विचारा, नाहीतर उगाच 14 बघून घाम फुटेल. जायच्या आधी 3 तास चहा, कॉफी, विडी काही नाही, तिथे 10 मिनिटं आडवं पडून राहायचं, आणि त्याच वेळचं बीपी रिपोर्टवर लिहून घ्यायचं, कारण बीपी चढलेलं असलं की वेगही वाढतो.

एफएमडी नावाची आणखी एक असते, ती नळीच्या आतल्या अस्तराची. हाताला पट्टा 5 मिनिटं आवळून सोडतात, रक्त धावत येतं, अस्तर नायट्रिक ऑक्साईड सोडतं आणि नळी रुंद होते, ती सोनोग्राफीवर मोजतात. 4 मिमीची 4.28 झाली तर 7 टक्के. मोजणाऱ्याचा हात जरा हलला तरी आकडा फिरतो, त्यामुळे ही जास्त करून संशोधनातच वापरतात, मुद्दाम शोधत जाऊ नका.

मामांच्या लाटेचा वेग 12.4 आला. डॉक्टरनी गोळी बदलून दिली, रोज चाला म्हणाले, मीठ कमी करा म्हणाले, सुकी मासळी आणि खारातली तोरं (कच्चे आंबे) बंद. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात तेव्हा जेवायचं कशाशी?