चित्रशैलीसाठी चित्रपटाची वाट पाहताना

एखाद्या ॲनिमेशनपटाची ओढ कथेपेक्षा त्याच्या वेगळ्या चित्रशैलीमुळेच लागली असेल, तर प्रदर्शनापूर्वीचे दिवस बातम्या चाळण्यापेक्षा डोळा तयार करण्यात घालवावेत. टीझर आधी एकदा सलग पाहावा. नंतर संगणकावर यूट्यूबवर तो थांबवून पूर्णविरामाची कळ दाबत एकेक फ्रेम पुढे सरकवावी. चित्रपटात सेकंदाला साधारणपणे २४ फ्रेम असतात, तेव्हा पात्र दर दोन फ्रेमनंतरच हलत असेल, तर सेकंदाला १२ चित्रे वापरली आहेत असे समजावे. २०१८ च्या 'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स'मधील जंगलाच्या प्रसंगात नवशिका माइल्स असाच १२ चित्रांवर हलतो आणि सराईत पीटर २४ वर, त्यामुळे एकाचे अडखळणे आणि दुसऱ्याची सफाई संवादाविना कळते.

पुढची तयारी हाताची आहे. शंभर पानी वहीच्या कोपऱ्यात, सलग २४ पानांवर, नुसता उभा असलेला माणूस पुन्हा पुन्हा काढावा. मी हा उद्योग ठाणे–वाशी लोकलमध्ये, ऐरोली ते तुर्भे या टप्प्यात केला. गाडीच्या हिसक्यांनी प्रत्येक पानावरची रेघ थोडी वेगळी उमटली आणि पाने भरभर सोडली तेव्हा तो माणूस जागच्या जागी श्वास घेतो आहे असे वाटले. २०१७ च्या 'लव्हिंग व्हिन्सेंट'मध्ये सुमारे ६५,००० फ्रेम तैलरंगांत रंगवल्या आहेत. तिथे स्थिर भिंतीवरचे फटकारेही का सळसळतात, हे मला त्या वहीमुळे उमगले.

तिकीट पहिल्याच आठवड्यात काढावे, कारण अशा चित्रपटांचे खेळ लवकर कमी होतात आणि मग सकाळचा एखादाच उरतो. थ्रीडीच्या चष्म्यातून रंग मंदावतात, म्हणून टूडी खेळ निवडावा. मूळ भाषेचा आग्रह मला एरवी मान्य आहे. मात्र चित्रासाठीच जायचे असेल, तर नजर उपशीर्षकांत अडकण्यापेक्षा डबिंग बरे.

शेवटी सफाई कर्मचारी झाडू घेऊन दाराशी उभे राहिले, तरी श्रेयनामावलीतील कला-दिग्दर्शक आणि पार्श्वचित्रकार यांची नावे टिपून घेतल्याशिवाय उठू नये. पुढच्या कोणत्या चित्रपटाची वाट पाहायची, ते त्या नावांवरून शोधता येते.